पावती, शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू

आमच्या घराच्या एक्सेल शीटमध्ये ४१ ओळी होत्या. त्यातल्या एकाच ओळीवरून आम्ही दोघं भांडलो. ओळ क्रमांक १४ : स्टॅम्प ड्यूटी.

फ्लॅटची किंमत ४८ लाख. पुण्यात, महापालिकेच्या हद्दीत, कार्पेट ६१० चौरस फूट, ताबा लगेच. आमच्या भागात सगळे अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३,३६,००० रुपये. पण १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात एक सवलत आहे. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सूट मिळते. अट एवढीच की कागदावर पुरुषाचं नाव नको, जोडीनंसुद्धा नको. ४८ लाखांचा १ टक्का म्हणजे ४८,००० रुपये. आमच्या शीटमधल्या ओळ २७ (फ्रिज, २६,०००) आणि ओळ २८ (वॉशिंग मशीन, २२,०००) यांची बेरीजही बरोबर तेवढीच होती.

नवरा म्हणाला, "मग प्रश्नच कुठे आहे? तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ."

मी नको म्हणाले. त्याला कारण विचारलं तेव्हा मला धड सांगता येईना. बाईच्या नावावर घर व्हावं, ही सवलत चांगली आहे, असं मी ऑफिसात चार जणांशी वाद घालून सांगितलेलं होतं. आणि आता माझ्यावर वेळ आल्यावर मीच मागे सरत होते. म्हणून एका शनिवारी डोंबिवलीला आईबाबांकडे गेले, आणि आईच्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमधून घराचे सगळे जुने कागद बाहेर काढले. आमच्या घराण्यात शहरात आल्यापासून 'पहिलं घर' तीनदा झालं. तीन पिढ्या, तीन कागद. हा लेख त्या कागदांचा आहे.

पावती

पहिला कागद म्हणजे भाडेपावत्यांची चळत. गिरगावातल्या एका चाळीतली १० बाय १२ ची खोली. भाडं महिना १८ रुपये. आजोबा छापखान्यात कंपॉझिटर होते. त्यांनी १९५७ मध्ये ही खोली घेतली आणि पुढच्या वर्षी आजी लग्न होऊन तिथे आली.

'घेतली' हा शब्द इथे नीट समजून घ्यावा लागतो. खोली भाड्याची, पण ती मिळवताना मालकाला एकरकमी पैसे द्यावे लागले. ती पागडी. १८ रुपयांची दर महिन्याला पावती मिळायची. पागडीची मिळाली नाही, कारण ती घेणं तेव्हा कायद्यानं गुन्हा होता.

ही विचित्र व्यवस्था कुठून आली? मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या हे त्याचं कारण मानलं गेलं आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या, पुढे दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. १९२० मध्ये सरकारनं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला उभ्या राहिल्या. २०७ इमारती, एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. पण शहरातली बहुतेक माणसं राहत होती ती खासगी मालकांच्या चाळींत.

तिथे भाडं कोण ठरवणार, हा प्रश्न दोन महायुद्धांनी उभा केला. पहिलं युद्ध संपता संपता, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या युद्धात ते पुन्हा आलं आणि १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टनं ते पक्कं केलं. १ सप्टेंबर १९४० ला खोलीचं जे भाडं होतं, तेच तिचं प्रमाण भाडं. कायदा तात्पुरता म्हणून आला होता. त्याची मुदत वाढत गेली आणि तो अर्धशतकाहून जास्त टिकला.

मी कोड लिहिते, त्यामुळे मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. घाईत टाकलेला एक स्थिरांक. त्या दिवशी तो योग्यच होता. युद्धात भाडी दुप्पट करून माणसांना रस्त्यावर आणणाऱ्या मालकांना थांबवणं गरजेचं होतं. पण नंतर कुणी तो बदलला नाही आणि सगळी यंत्रणा त्याच्या भोवती वाकत गेली. भाडं वाढत नाही म्हणून मालक दुरुस्ती करेना. भाड्यासाठी नवी इमारत कुणी बांधेना. जी खोली रिकामी होईल तिची खरी किंमत पागडीतून वसूल होऊ लागली. भाडेकरूला काढता येत नव्हतं आणि त्याला सोडून जाणंही परवडत नव्हतं. अखेर १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं, म्हणजे २००० पासून, पागडीला कायद्याची मान्यता मिळाली.

आजीला विचारलं, तेव्हा सामान काय होतं? तिला सगळं पाठ आहे. एक लोखंडी खाट, दोन ट्रंका, भिंतीतलं फडताळ, भांड्यांची मांडणी, मोरीशेजारी पाण्याचं पिंप, एक स्टोव्ह आणि वळकट्या. रात्री वळकट्या उलगडल्या की खोलीतली जमीन संपायची. आजोबांचा धाकटा भाऊ गॅलरीत झोपायचा. बजेट वगैरे नव्हतंच. "ज्याला जागा नाही ते आणायचं नाही," आजी म्हणाली. पैशांच्या आधी चौरस फूट संपत.

पावत्यांवर नाव आजोबांचं. १९८६ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या पावतीवर नाव आहे मोठ्या काकांचं. मी कायदा शोधला. १९४७ च्या कायद्यात भाडेकरू मेला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या कुणालाही तो हक्क मिळू शकत होता. कुणाला, ते घरच्यांनी आपसात ठरवायचं आणि ठरलं नाही तर कोर्टानं. थोडक्यात, आजीचं नाव लागू शकत होतं. २८ वर्षं ती त्या खोलीत राहिली होती. पण कुणी विचारलं नाही, आणि ती म्हणते, तिलाही सुचलं नाही. २००४ मध्ये काकांनी पागडीनं खोली देऊन टाकली आणि बदलापूरला गेले. आजी डोंबिवलीला आमच्याकडे आली. तेव्हा मी शाळेत होते. आजी आली याचा मला फार आनंद झाला होता. तिचं एक घर गेलं म्हणून ती आली आहे, हे मला आत्ता, हे कागद बघताना कळलं.

शेअर सर्टिफिकेट

दुसरा कागद जाडसर, हिरवट, कडेला नक्षी छापलेला. सहकारी गृहनिर्माण संस्थेचं भागपत्र, ज्याला सगळे शेअर सर्टिफिकेट म्हणतात. ५० रुपयांचे पाच भाग. गंमत म्हणजे अख्ख्या घराची मालकी या २५० रुपयांच्या कागदावर उभी असते.

भाडेकरूही नाही आणि एकटा मालकही नाही, असा हा मधला मार्ग मुंबईतच रुजला. १९१२ च्या कायद्यानं पतपेढ्यांखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचा त्यात पुढाकार होता. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण सहकारी संस्थांपैकी ही एक. शहरात नोकरीसाठी आलेल्या, एकट्याच्या ऐपतीबाहेरची जमीन मिळून घेणाऱ्या पांढरपेशांची ही कल्पना होती. पुढे जातीच्या, कचेरीच्या, गावाच्या ओळखीवर अशा सोसायट्या निघत गेल्या. कोणाबरोबर घर घ्यायचं हे कोणाला ओळखतो यावर ठरत होतं. त्यामुळे ज्यांची अशी ओळख नव्हती ते बाहेर राहिले, हेही नोंदवायला हवं.

भाड्याच्या इमारती बांधणं तोट्याचं झाल्यावर बिल्डर फ्लॅट विकू लागले. १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईत 'ओनरशिप' हा शब्द घराघरांत आला. मराठीत तो अजून तसाच आहे. आजी आमच्या डोंबिवलीच्या घराला आजही 'ओनरशिपचा ब्लॉक' म्हणते. १९६० मध्ये महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा झाला आणि १९६३ मध्ये मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या फ्लॅटबाबतचा कायदा. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त पैसे घेण्याआधी बिल्डरनं करारनामा करून तो नोंदवला पाहिजे, असं त्यानं सांगितलं. असा नियम करावा लागतो याचाच अर्थ लोक त्याहून जास्त पैसे नुसत्या भरवशावर देत होते.

ती भीती पडद्यावरही आहे. १९७२ च्या 'पिया का घर'मध्ये चाळीतल्या खोलीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. तो सिनेमा राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई'वर बेतलेला होता. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, 'घरौंदा' आला. भीमसेन यांचा सिनेमा, त्यात अमोल पालेकर आणि झरीना वहाब. एका ऑफिसात काम करणारं जोडपं पै पै साठवून फ्लॅट बुक करतं आणि बिल्डर पैसे घेऊन पळतो. पहिल्या सिनेमात जोडप्याचा शत्रू जागा आहे, दुसऱ्यात कागद. पाच वर्षांत मध्यमवर्गाच्या काळजीचा विषय बदललेला दिसतो.

त्याच १९७७ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. महाराष्ट्रात वेगवेगळी गृहनिर्माण मंडळं एकत्र करून म्हाडा उभी राहिली. आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईत एचडीएफसी ही कंपनी स्थापन झाली.

हप्ता

याआधी मध्यमवर्गीय माणूस घर कधी घ्यायचा? निवृत्त झाल्यावर. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली की. नोकरी देणारी कचेरी किंवा एलआयसी काहींना कर्ज द्यायची, पण बँकांसाठी घरकर्ज हा धंदाच नव्हता. पगारदार माणसाला २० वर्षांसाठी पैसे द्यायचे आणि तो फेडेल असं मानायचं, हे कुणाला पटत नव्हतं.

हसमुख ठाकोरदास पारेख यांना पटलं. आयसीआयसीआयमधून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी फक्त घरांसाठी कर्ज देणारी कंपनी काढली. तरुणपणी ते स्वतः मुंबईच्या चाळीत राहिलेले होते. घर कमाईच्या शेवटी न घेता सुरुवातीला घ्यावं आणि कमाईतून फेडावं, एवढीच त्यांची साधी कल्पना. १९७८ मध्ये पहिलं कर्ज मालाडच्या एका गृहस्थांना दिलं गेलं. घराचा खर्च ७०,००० रुपये, कर्ज ३०,०००, व्याज साडेदहा टक्के. लक्षात घ्या, कर्ज निम्म्याहूनही कमी होतं. उरलेले ४०,००० घेणाऱ्याचेच होते.

१९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली, तिच्या आधारानं आणखी गृहवित्त कंपन्या आल्या. त्यातल्याच एका कंपनीचं मंजुरीपत्र आमच्या लॉकरमध्ये आहे. साल १९९३. डोंबिवली पूर्वेला 'वन रूम किचन', किंमत १,८०,००० रुपये. कर्ज १ लाख, मुदत १५ वर्षं, व्याज १४ टक्के. हप्ता १,३५७ रुपये. बाबांचा पगार तेव्हा ३,५०० होता. म्हणजे पगाराचे ३९ टक्के हप्त्यात.

मी हप्त्याचा आकडा माझ्या मोबाईलवरच्या कॅलक्युलेटरवर तपासला तर तो १,३३२ आला. २५ रुपयांचा फरक. कागदाच्या मागे बारीक अक्षरात उत्तर सापडलं : 'वार्षिक शिल्लक'. तेव्हा व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लक रकमेवर मोजत. तुम्ही दर महिन्याला हप्ता भरला तरी मुद्दल कमी झाल्याची नोंद वर्षातून एकदाच. २५ रुपये दरमहा, १८० हप्ते : ४,५०० रुपये. एक लाखाच्या कर्जावर. आज मासिक शिल्लक सर्रास झाली आहे आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

उरलेले ८०,००० कुठून आले? कागदाला लावलेल्या चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात हिशेब आहे. पीएफचा ॲडव्हान्स ३०,०००. साठवलेले २२,०००. मित्राकडून ५,०००. आणि शेवटची ओळ, 'हिच्या बांगड्या : २३,०००'.

आईच्या चार बांगड्या. तिच्या आईनं लग्नात घातलेल्या. घराच्या किमतीचा आठवा हिस्सा.

आता शेअर सर्टिफिकेट पाहा. पहिलं नाव बाबांचं, दुसरं आईचं. सहकारी कायद्यात याला तेव्हा एक नेमकं नाव होतं. ज्याचं नाव भागपत्रावर पहिलं नाही तो 'सहयोगी सभासद'. सोसायटीच्या सभेत मत पहिल्या नावाचं. सहयोगीला पहिल्याच्या गैरहजेरीत. बाबा गेली तीस वर्षं बहुतेक सभांना हजर असतात.

मी आईला विचारलं, "तुला तेव्हा काही वाटलं नाही?"

"अगं, दुसरं का होईना, नाव लागलं. शेजारच्या काकूंचं तर तेही नाही. तेव्हा तेच खूप होतं."

आणि तिनं मला सरळ सांगितलं, "तू घे तुझ्या एकटीच्या नावावर. ४८,००० कमी आहेत का?"

सामान

१९९३ च्या त्या घरात सामान कसं आलं, याचीही यादी आहे. आईनं मागच्या पानावर लिहिलेली. लोखंडी कपाट, सेकंडहँड. गॅसची शेगडी. दिवाण. चार फोल्डिंगच्या खुर्च्या. पंखे दोन. फ्रिजपुढे लिहिलंय 'पुढच्या दिवाळीला', आणि तो शब्द खोडून दोनदा नवं साल टाकलंय.

या यादीतल्या प्रत्येक वस्तूचाही इतिहास आहे. गोदरेजनं लोखंडी कपाटं १९२३ पासून बनवली. पुढे कपाट कुठल्याही कंपनीचं असो, आमच्याकडे त्याला 'गोदरेज'च म्हणायचे आणि मुलीच्या लग्नात ते द्यायची पद्धत पडली. चाळीत ते फार चपखल बसलं. भिंत कमी अडवायचं, ओल आणि उंदीर यांना दाद द्यायचं नाही, आणि आतला लॉकर ही एकत्र कुटुंबात सुनेची एकमेव कुलूपबंद जागा असायची. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ मध्ये बर्शेन या नावानं आला. नंतर कित्येक वर्षं गॅसला 'नंबर लावावा' लागायचा, आणि तो लागेपर्यंत वर्षानुवर्षं स्टोव्हच. देशी फ्रिज १९५८ मध्ये निघाला. आमच्या घरी तो १९९६ च्या दिवाळीला पोचला. एखादी वस्तू बाजारात येणं आणि ती १,३५७ रुपये हप्ता भरणाऱ्या घरात येणं, यात कधी कधी ३८ वर्षं जातात.

आमच्या शीटमधलं सामान वेगळं आहे. सोसायटीनं गॅसची पाइपलाइन दिली आहे, नंबर लावायचा नाही. पण किचन ट्रॉली, सेफ्टी डोअर, बाल्कनीला जाळी, गिझर, वॉटर प्युरिफायर, वायफाय. सामानाचं बजेट दीड लाख. ऑफिसातला प्रत्येक जण म्हणत होता, "अरे, नो-कॉस्ट इएमआयवर घे ना सगळं." मी जरा खणलं. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठे तरी लपवलेलं असतं : न मिळालेल्या सवलतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये. आईच्या यादीतलं 'पुढच्या दिवाळीला' हे खरं नो-कॉस्ट होतं. खर्च फक्त वाट पाहण्याचा.

आमच्या कर्जाचा हिशेब असा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त द्यायचं नाही, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणून कर्ज ३८,४०,०००. आमचे स्वतःचे ९,६०,०००. वर मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी. साडेआठ टक्के, २० वर्षं : हप्ता ३३,३२४. पहिल्या हप्त्यातले २७,२०० रुपये व्याज आणि फक्त ६,१२४ मुद्दल. २० वर्षांत मिळून जवळपास ८० लाख भरायचे. मालाडच्या त्या गृहस्थांचं कर्ज ४३ टक्के होतं, बाबांचं ५६, आमचं ८०. आजोबांचं शून्य. आम्हाला घर लवकर मिळतं, कारण आम्ही जास्त वर्षांची कमाई आधीच विकतो.

एका बाबतीत मात्र आम्ही सुखी. २०१६ चा रेरा कायदा आमच्या आधी आला. करार न नोंदवता १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. कार्पेटची व्याख्या कायद्यात आहे. मी लेझर मीटर घेऊन खोल्या मोजल्या आणि आकडा जुळला. 'घरौंदा'तल्या जोडप्याला एवढंच हवं होतं. बाबांच्या इमारतीची जमीन मात्र अजूनही बिल्डरच्याच नावावर आहे. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय असूनही सोसायटीची फाइल पुढे सरकत नाही. बाबा दर सभेत तो विषय काढतात. म्हणजे सर्टिफिकेट हातात आल्यावर सगळं संपतं असंही नाही.

इंडेक्स टू

तिसरा कागद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मिळतो. सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स टू. घर कोणी दिलं, कोणी घेतलं, किंमत किती, शुल्क किती, सगळं एका पानात. कर्ज द्यायच्या आधी बँक तो बघते.

आमचं भांडण या पानावरच्या एका रकान्याचं होतं.

सवलतीच्या बाजूनं सगळंच होतं. आधी एक अट होती की असं घर १५ वर्षांत पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये निघाली. नवरा मालक नसला तरी कर्जात सहकर्जदार होऊ शकतो, त्यामुळे दोघांचा पगार धरून कर्ज मिळालंच असतं. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घ्यायला मालक असावं लागतं. पण आम्ही दोघंही नव्या करप्रणालीत आहोत आणि तिथे राहत्या घराला ती सवलत नाही. म्हणजे तोही तोटा नाही. शीट स्वच्छ सांगत होती : ४८,००० वाचवा.

पण तीन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर मला माझं कारण सापडलं. आजीनं २८ वर्षं खोली चालवली, तिचं नाव नव्हतं. आईनं बांगड्या दिल्या, तिचं नाव दुसरं. आणि आता आमच्या घरात हप्त्याचे १६,६६२ रुपये दरमहा नवऱ्याच्या खात्यातून जाणार, २० वर्षं. कर्ज बुडालं तर बँक त्यालाही धरणार. आणि रकान्यात त्याचं नाव नाही. पैसे एकाचे आणि कागद दुसऱ्याचा, हीच तर आमच्या घरातली जुनी पद्धत. फक्त माणसं उलटी.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "म्हणजे मी तुझ्या आईच्या बांगड्या?"

"तेच."

आईला मात्र हे अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, "तुमचं बरोबरीचं आहे म्हणून तुला सुचतंय. ज्यांचं नाही त्यांच्यासाठी सवलत आहे." तिचं खरं आहे. मी आजही त्या सवलतीच्या बाजूनंच वाद घालेन. एक टक्का वाचतो म्हणून ज्या घरात पहिल्यांदा बाईचं नाव लागेल, त्या घरासाठी ती आहे. १९८६ मध्ये असं काही असतं तर काकांनीसुद्धा पावती आजीच्या नावे करायचा विचार केला असता. आमच्या घरी नाव लागणारच होतं. प्रश्न एवढाच होता की दुसरं काढून टाकायचं का.

आम्ही ३,३६,००० भरले. रकान्यात दोन नावं आहेत. पहिलं माझं.

पहिलं कुणाचं, यावर चर्चा झाली नाही. फॉर्म भरताना नवऱ्यानंच लिहिलं. आम्ही बोटांचे ठसे दिले, वेबकॅमसमोर फोटो काढले, आणि दुपारी समोरच्या टपरीवर वडापाव खाल्ला.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन शीटमधून गेले. डोंबिवलीचा जुना फ्रिज चालतोय, तो आईनं दिला आणि स्वतःसाठी नवा घेतला. "माझ्या पैशांनी," असं दोनदा सांगून. वॉशिंग मशीनपुढे मी 'पुढच्या दिवाळीला' लिहिलंय. टेम्पोत फ्रिजबरोबर लोखंडी कपाटही आलं. तेच, १९९३ चं सेकंडहँड. दुसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं लागली आणि जिन्याच्या वळणावर भिंतीचा रंग खरवडला गेला.

वास्तुशांतीला आजी आली. तिनं सगळ्या खोल्या पाहिल्या, बाल्कनीतून खाली पाहिलं, नळ सोडून पाहिला. मग म्हणाली, "कागद दाखव."

मी इंडेक्स टू तिच्या हातात दिला. चष्मा लावून तिनं सगळं पान वाचलं. जिथे आमची नावं होती तिथे बोट ठेवलं.

"हे तुझं?"

"हो."

"पहिलं?"

"हो आजी."

तिनं कागदाची घडी घातली. ट्रंकेत ठेवायच्या पावत्यांची घालायची तशी, बारीक, चार वेळा. ए-फोर कागद असा घडी घालायचा नसतो, हे मी तिला सांगितलं नाही. लॉकरमध्ये ठेवला. आता तिथे तिन्ही आहेत.